बागेत पडलेली बाई

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्य शिकवताना मी दर वर्षी एक कथा वर्गातच वाचायला देतो आणि तिथेच बसून त्यावर एक पान लिहायला सांगतो. गाईड नाही, नोट्स नाहीत, मोबाईल माझ्या टेबलावर. मराठीत लिहिलंत तरी चालेल, हेही सांगतो. मुलं आधी बावरतात. 'तुम्हाला काय वाटलं ते लिहा' असं त्यांना शाळेपासून फारसं कोणी म्हटलेलं नसतं, आणि म्हटलंच असलं तर काय वाटायला हवं तेही सोबत सांगून ठेवलेलं असतं.

कथा टोनी मॉरिसन यांची, 'रेसिटेटिफ'. ऑपेरात गाणं आणि बोलणं यांच्या अधलीमधली जी म्हणण्याची रीत असते, तिचं हे नाव. १९८३ साली अमीरी आणि अमीना बराका यांनी संपादित केलेल्या संग्रहात ती पहिल्यांदा आली. ट्वायला आणि रॉबर्टा या आठ-आठ वर्षांच्या मुली सेंट बोनाव्हेंचर नावाच्या आश्रमात चार महिने एका खोलीत राहतात. अनाथ म्हणाव्यात तर दोघींच्या आया हयात आहेत. एकीची रात्र रात्र नाचते, दुसरीची आजारी असते. पुढे मोठेपणी दोघींची अधूनमधून गाठ पडते: हमरस्त्यावरच्या हॉटेलात, महागड्या किराणा दुकानात, शाळांच्या प्रश्नावरून पेटलेल्या निदर्शनांत, नाताळच्या दिवसांत एका खानावळीत. दोघींतली एक काळी आहे, एक गोरी. काळी कोणती, हे मॉरिसन शेवटपर्यंत सांगत नाहीत. १९९२च्या 'प्लेइंग इन द डार्क' या पुस्तकात त्यांनी हेतू उघड केला आहे. ज्यांच्या आयुष्यात वर्ण हीच कळीची गोष्ट आहे अशा दोघींची कथा वर्णाच्या सगळ्या खुणा काढून टाकून लिहिता येते का, हे त्यांना करून पाहायचं होतं.

हे मी मुलांना आधी सांगत नाही.

पानं हातात येतात तेव्हा बहुतेकांनी पोलीस तपास केलेला असतो. ट्वायला काळी, कारण आई नाचणारी आणि मुलीला भेटायला येताना डबासुद्धा न आणणारी. नाही, रॉबर्टाच काळी, कारण तिच्या आईच्या छातीवर वीतभर क्रूस, काखेत बायबल आणि डब्यात कोंबडीच्या तंगड्या. पण मग रॉबर्टाची आई ट्वायलाच्या आईशी हात मिळवायला नकार देते त्याचं काय? म्हणजे ती गोरीच. शिवाय रॉबर्टाचं पुढे पैसेवाल्याशी लग्न होतं, घरी नोकर असतात. ट्वायलाचा नवरा अग्निशमन दलात. एक मुलगा दुसऱ्या दिवशी स्टाफरूमपर्यंत आला: "सर, रॉबर्टाचं माहेरचं आडनाव फिस्क आहे. फिस्क नावाचं काळ्यांचं विद्यापीठ आहे, मी बघितलं. सापडली!" त्याचा चेहरा असा फुलला होता की मला त्याला लगेच नाउमेद करवेना.

या खेळात आमची मुलं तरबेज आहेत आणि त्यात नवल नाही. अमेरिकेतल्या रस्त्यावर रंग दिसतो. जात दिसत नाही, ती काढावी लागते. 'कुठले तुम्ही?' मग 'मूळ गाव?' मग 'पूर्ण नाव सांगा की.' जाधव, पवार, गायकवाड निघाला तर एवढ्यानेही भागत नाही. मग कुलदैवत, मग पाहुणे कुठले, मग डबा उघडला की त्यात काय आहे याकडे तिरकी नजर. हे शिक्षण आमच्या मुलांना शाळेच्या आधी मिळतं. आणि कागदावर कातडी नसतेच. रंग सांगणारे शब्द मॉरिसन यांनी काढून घेतले आणि अमेरिकेतला वर्ण पानावर आपल्या जातीसारखा करून ठेवला: अंदाज बांधत, आडनाव चाचपत, डब्यात डोकावत ओळखायचा. आमच्या वर्गातला पोरगा तिथे लगेच घरच्यासारखा वावरू लागतो.

मी स्वतः ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन-तीन पानांतच निकाल लावून मोकळा झालो होतो. ट्वायलाच्या आईने तिला सांगून ठेवलेलं असतं की ती तसली माणसं केस धूत नाहीत, त्यांना वास येतो. असं कोण कोणाबद्दल बोलतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक कसलं, वाटत होतं. दुसऱ्या वाचनात दोन्ही बाजूंनी तेच वाक्य चालतं हे लक्षात आलं आणि मी थोडा शरमलो, थोडा खूशही झालो. लेखिकेने आपल्याला पकडलं, याची एक मजा असते. ती मजा मी कितीतरी वर्षं मुलांनाही वाटत आलो. तास संपता संपता सांगायचं की बघा, काळी कोण हे लिहिलेलंच नाही, तुम्ही ते स्वतःच्या डोक्यातून घातलंत. वर्गात 'ओह' असा आवाज उठायचा, मी खडू ठेवायचो, घंटा व्हायची. छान जमलेला तास.

तो तास चुकीचा होता असं आता मला वाटतं. निदान अर्धा.

कारण या सगळ्या तपासात, आणि तपास करणाऱ्याला पकडण्याच्या माझ्या खेळातही, एक बाई तशीच पडून राहते. मॅगी आश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिला बोलता येत नाही. ऐकू येतं की नाही, हे पाहायला मुली तिला मागून वेड्यावाकड्या हाका मारतात आणि ती मान वळवत नाही. पाय फेंगडे. डोक्यावर लहान मुलांची कानटोपी. एक दिवस ती आश्रमाच्या सफरचंदांच्या बागेत पडते आणि मोठ्या मुली तिला हसतात, एवढंच ट्वायला आपल्याला आधी सांगते. पुढे रॉबर्टा म्हणते, ती पडली नव्हती, पाडली होती. आणखी पुढे निदर्शनांच्या धुमश्चक्रीत रॉबर्टा ओरडते की लाथा आपण दोघींनीही मारल्या, आणि ती बाई काळी होती. ट्वायलाला ती वाळूच्या रंगाची आठवते. काळी होती का? अगदी शेवटी दोघींना कबूल करावं लागतं ते असं: लाथ मारली नाही, पण मारावीशी वाटली होती. कोणीतरी मारतंय आणि आपल्याला ते हवं आहे.

कथेतला हिंसेचा प्रसंग हा आहे. आठ वर्षांच्या मुलींना, ज्यांना स्वतःला कोणी विचारत नाही, त्यांना आपल्याहून खाली असलेली एक बाई सापडते. आणि वर्गात आम्ही ट्वायला की रॉबर्टा याचा कौल घेत बसतो.

वर्ण, ओळख आणि हिंसा यांवरच्या कथा-कादंबऱ्या वाचून विद्यार्थी काय लिहितो, हे तपासताना 'याला वाईट वाटलं का' ही कसोटी आपण मास्तर मंडळी लावत आलो. माझ्या मते ती फार उपयोगाची नाही. वाईट वाटतंच. कोणाकडे पाहून वाटलं, आणि तेवढ्या वेळात कोण नजरेआड झालं, हे पाहिलं तर पानाची परीक्षा होते.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' घ्या. हार्पर ली यांची १९६० सालची कादंबरी, दुसऱ्या वर्षी पुलित्झर. अमेरिकेतल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या वाचली गेली आणि आपल्याकडेही इंग्रजीच्या वर्गात पोचली. मुलांना ती मनापासून आवडते. अ‍ॅटिकस फिंच हा वकील खोट्या आरोपात अडकलेल्या टॉम रॉबिन्सनची बाजू घेतो, हरतो, आणि कोर्टाच्या गॅलरीतले काळे लोक त्याच्या सन्मानार्थ उठून उभे राहतात. इथे प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी डोळे पुसतं. मी नंतर विचारतो: टॉमला किती गोळ्या लागल्या? सतरा. तुरुंगाच्या कुंपणावर चढताना. पुस्तकात छापलेलं आहे, पण क्वचितच कोणाच्या लक्षात असतं. ते मरण आपल्यासमोर घडत नाही; दिवाणखान्यात चहाफराळ चालू असताना त्याची बातमी येते. टॉमच्या बायकोला ती सांगायला अ‍ॅटिकस जातो आणि त्याने तोंड उघडण्याआधीच हेलन अंगणातल्या धुळीत कोसळते. तेही एका मुलाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे आपल्याला कळतं. मुलांच्या उत्तरांत अ‍ॅटिकसच्या धैर्यावर दीड पान असतं, हेलनवर ओळ नसते. दोष मुलांचा म्हणावा तर कादंबरीने कॅमेरा कुठे ठेवला आहे तेही पाहावं लागेल. वाचकाला सज्जन माणसाच्या खांद्यावर बसवलं की त्याला खालची धूळ दिसत नाही.

रडणाऱ्या वाचकाचा सर्वांत जास्त राग आला तो रिचर्ड राइट यांना. १९३८ साली त्यांचा 'अंकल टॉम्स चिल्ड्रन' हा कथासंग्रह आला, गाजला. मग त्यांच्या ध्यानात आलं की बँकवाल्यांच्या मुलीसुद्धा हे पुस्तक वाचून रडू शकतात आणि रडून झाल्यावर बऱ्या होऊ शकतात. पुढचं पुस्तक इतकं कठीण लिहीन की वाचणाऱ्याला अश्रूंचा दिलासा मिळणार नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि 'हाऊ बिगर वॉज बॉर्न' या लेखात ते नोंदवूनही ठेवलं. त्या निश्चयातून १९४० साली 'नेटिव्ह सन' आली. शिकागोतला विशीतला बिगर थॉमस मालकाच्या गोऱ्या मुलीला, मेरी डाल्टनला, भीतीपोटी उशीखाली गुदमरवून मारतो आणि तिचं प्रेत भट्टीत जाळतो. पुढे पळापळीत आपल्या मैत्रिणीवर, बेसीवर, आधी बलात्कार करतो, मग तिला विटेने ठेचतो. इथे कणव टेकायला जागाच ठेवलेली नाही.

ही कादंबरी वाचून आलेली पानं मला सर्वांत प्रामाणिक वाटतात, कारण ती गोंधळलेली असतात. 'मला तो आवडला नाही, पण तो पकडला जाऊ नये असं वाटत होतं. हे चूक आहे का सर?' असं एकाने लिहिलं होतं. मी त्याला पैकीच्या पैकी दिले. पण राइट यांच्या या कठीण पुस्तकातही जमिनीवर कोण पडलंय ते पाहा. बेसीचं शव चौकशीच्या वेळी ढकलगाडीवरून आणलं जातं ते मेरीच्या खुनाचा पुरावा भक्कम करायला. काळ्या मुलीच्या खुनाचा खटला मुळी चालतच नाही, तिचं प्रेत साक्षीपुरतं. बिगरला ते कळतं. राइट यांनी ते त्याच्या मनात स्पष्ट मांडलं आहे. तरी त्यानंतरची कित्येक पानं वकिलाच्या भाषणाला आणि बिगरच्या अंतर्मनाला जातात. बेसीला लेखकानेही पुन्हा उचललं नाही. मी हे वर्गात सांगायला लागलो ते फार उशिरा, एका विद्यार्थिनीने 'बेसीच्या घरी कोणी कळवलं का?' असं विचारल्यावर.

प्रतिसाद म्हणजे काय, हा प्रश्न थेट राजकारणात गेल्याचं उदाहरण 'बिलव्हेड'चं आहे. मॉरिसन यांची ही १९८७ची कादंबरी मार्गारेट गार्नर या खऱ्या बाईच्या बातमीतून उगवली. १८५६च्या जानेवारीत ही गुलाम बाई केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पळाली. पकडायला माणसं आली तेव्हा मुलं परत गुलामीत जाऊ नयेत म्हणून तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. पुढे कोर्टात खल झाला तो विलक्षण होता. खुनाचा खटला भरायचा तर ती माणूस ठरते. १८५०च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याखाली परत पाठवायची तर ती मालमत्ता. मालमत्ता ठरली. तिला दक्षिणेत परत पाठवलं.

व्हर्जिनियातल्या एका पालकाने या कादंबरीविरुद्ध तक्रार केली. बारावीतल्या मुलाला ती वाचून रात्री त्रास झाला होता. त्यातून पालकांना आधी कळवण्याची सक्ती करणारं विधेयक आलं, २०१६ मध्ये गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी ते नाकारलं, आणि २०२१च्या निवडणुकीत हाच विषय प्रतिस्पर्ध्याच्या जाहिरातीत झळकला. मॅकॉलिफ ती निवडणूक हरले. सुशिक्षित मंडळींनी त्या पालकाची यथेच्छ टिंगल केली. मला ती तक्रार तेवढी हसण्यासारखी वाटत नाही. त्या मुलाला झोप लागली नाही, म्हणजे पुस्तक त्याच्यापर्यंत पोचलं होतं. आपल्या वर्गात कितीजणांना पोचतं? चूक झाली ती पुढे. मुलाची तुटलेली झोप हीच बातमीतली दुर्घटना ठरली. कादंबरीत करवतीने गळा कापलेली पोर, जिच्यासाठी पुस्तक लिहिलं गेलं, ती त्या सगळ्या वादात कुठेच नव्हती. इथेही वाचकच मधोमध बसला आणि मेलेली मुलगी परत एकदा बाहेर.

हाच दोष आता दुसऱ्या टोकाने येतो आहे. हल्ली काही पानांवर रडणं नसतं, अपराधीपणा असतो. 'हे वाचून मला माझ्या विशेषाधिकारांची जाणीव झाली' असं सुबक वाक्य. ते इंटरनेटवरून आलेलं असो की आतून, मला त्याचं वावडं होऊ लागलंय. कथा वाचून मी स्वतःबद्दल काय शिकलो, एवढाच हिशेब मांडला तर मॅगीने परत एकदा आपल्या उपयोगी पडायचं. वाचकाला पकडणारा माझा तो छान जमलेला तासही याच जातकुळीतला होता.

आणि मग तुलना. 'त्यांच्याकडे वर्ण, आपल्याकडे जात' हे वाक्य तर परीक्षेतलं हुकमी पान झालं आहे. ते खोटं नाही. फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केली ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. नेला लार्सन यांची 'पासिंग' ही १९२९ची छोटी कादंबरी, जिच्यातली क्लेअर काळी असून गोरी म्हणून संसार करते आणि नवऱ्याला पत्ता लागू देत नाही, आमच्या वर्गाला समजावून सांगावी लागत नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहाचं नुसतं नाव फळ्यावर लिहिलं की पुरतं. पण फुल्यांनी तुलना केली ती आपल्या लोकांना कामाला लावण्यासाठी. उत्तरपत्रिकेतली तुलना नेमकी उलट करते: 'आपल्याकडेही असंच आहे' म्हटलं की अमेरिकेतलं वाचायचं संपतं आणि इथलं पाहायचंही संपतं. शिवाय माझ्या वर्गात दोन्ही बाजूंची मुलं शेजारी शेजारी बसतात. एकाला जी तुलना सुचते, ती दुसऱ्याच्या घरात घडून गेलेली असू शकते.

एका वर्षी 'बिलव्हेड'मधला उतारा दिल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने कोरं पान दिलं. नाव, रोल नंबर, बाकी काही नाही. मी त्यावर 'अपूर्ण' असा शेरा मारला. त्याने ते का दिलं हे मला आजही माहीत नाही. कंटाळला असेल. मी विचारलं नाही, आणि विचारायला नको होतं हेही खरं. सगळ्यांसमोर आपलं काय दुखतं ते सांगण्याची सक्ती साहित्याच्या नावाखाली करायचा अधिकार मास्तराला नाही. फक्त 'अपूर्ण' हा शब्द लिहायला नको होता. आता मी आधीच सांगतो की उताऱ्यात काय आहे, आणि ज्याला त्यावर लिहायचं नसेल त्याने दुसरी कथा मागावी. मागणारे थोडे असतात. मी कारण विचारत नाही.

गेल्या वर्षीच्या 'रेसिटेटिफ'च्या गठ्ठ्यात एका मुलीचं पान मराठीत होतं. अक्षर घाईचं. ट्वायला-रॉबर्टाचा रंग तिने काढलाच नव्हता. तिने मॅगीचा दिवस लिहून काढला होता, कथेत जेवढा आहे तेवढाच. सकाळी लवकर कामाला येते. दोन वाजता सुटते. भांडी-साफसफाई लांबली तर सव्वादोन होतात, मग बस चुकू नये म्हणून ती बागेतून आडवाटेने जाते. ही बस गेली तर पुढची तासाने. बागेत पडली म्हणजे त्या दिवशी तिला उशीर झाला होता. हे मी अनेक वर्षं वाचत होतो आणि वाचलं नव्हतं. पुढे तिने लिहिलं होतं: 'मुलींनी पाडल्यावर तिची बस नक्की चुकली असणार. कपडे फाटलेले. बोलता येत नाही, म्हणजे कंडक्टरलाही काही सांगता येणार नाही. तो एक तास ती स्टॉपवर कशी बसली असेल? टोपी मिळाली का?'

तिथे पान तुटलं होतं. खाली कोपऱ्यात एवढंच होतं: 'सर, वेळ संपली नाही, पण माझी साडेचारची एसटी आहे.'